सुरवंटाने निवडलेली लेन्स

आमच्या ठाण्याच्या घरी बाल्कनीत कढीपत्त्याचं एक झाड आहे. झाड कसलं, रंगाच्या रिकाम्या डब्यात उभी असलेली कमरेएवढी काठी. फोडणीपुरती पानं देतं, तेवढ्यावर आम्ही खूश असतो. एका जुलैत त्याची पानं कडेकडेने कुरतडलेली दिसायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "औषध मार काहीतरी." मी एक पान हातात धरून बघितलं, तर त्यावर बारीक मोहरीएवढा, फिकट पिवळा, गुळगुळीत मणी चिकटलेला. शेजारच्या पानावर पक्ष्याने घाण केल्यासारखा काळपट-पांढरा डाग होता, आणि तो डाग हळूहळू पान खात होता.

कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराची ही अंडी आणि हे सुरवंट, असं पुढे कळलं. लिंबू आणि कढीपत्ता ही त्यांची आवडती झाडं. औषध राहिलं बाजूला, मी कॅमेरा काढला.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. पावसाळ्यात तर मलेरियाचे स्मिअर आणि डेंग्यूच्या प्लेटलेटमधून मान वर काढायला सवड नसते. बारीक गोष्ट मोठी करून बघणं हेच माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे घरात निकॉनचा डी ५३०० असताना एक मिलिमीटरचा मणी मला नीट दिसू नये, याचा जरा अपमानच वाटला. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स जवळ नेली की फोकस सुटायचा, आणि लांब धरली की फोटोत नुसतं पान यायचं.

पहिला उपाय स्वस्तातला. रिव्हर्स रिंग म्हणून एक धातूची चकती मिळते, ती लावून लेन्स उलटी बसवायची. निकॉनच्या या लेन्सना अ‍ॅपर्चरची रिंग (प्रकाश आत येण्याचं भोक लहानमोठं करणारी) नसते, त्यामुळे लेन्स कॅमेऱ्यापासून सुटली की आतल्या पाकळ्या पार मिटून जातात आणि समोर अंधार. मागच्या बाजूची बारीकशी पट्टी रबरबँडने ओढून धरायची, एका हाताने फांदी, दुसऱ्याने कॅमेरा, आणि श्वास कोंडून क्लिक. शंभरातला एखादा फोटो चक्क सुंदर यायचा. बाकीच्या नव्व्याण्णवांची कटकट मात्र आठवडाभरात नकोशी झाली. शिवाय लेन्सची मागची काच उघडी पडलेली आणि बाहेर पावसाची झड. मग ठरवलं, खरी मॅक्रो लेन्स घ्यायची, बारीक वस्तू अगदी जवळून टिपण्यासाठीच केलेली.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, मॅक्रो म्हणजे मॅक्रो. चाळीस घ्या की शंभर घ्या, किडा तेवढाच मोठा येणार." तो खोटं बोलत नव्हता, दुखणं तेच होतं. मॅक्रो लेन्सची खरी कसोटी म्हणजे एकास एक: समोरची वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवर, पडायला हवी. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद. म्हणजे साडेतेवीस मिलिमीटरचा सुरवंट फोटोच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बसणार. ४० मिलिमीटरची निकॉनची लेन्स हे करते, १०५ चीही करते (हे आकडे लेन्सच्या फोकल लेंग्थचे; आकडा मोठा, तेवढं लांबचं जवळ दिसतं). किमतीत मात्र दोघींत फार मोठी दरी. मी चाळीस घेतली. डबीवर लिहिलं होतं की १६.३ सेंटिमीटरपर्यंत जवळून फोकस होतो. एक वीत अंतर म्हणजे झकास, असं म्हणत घरी आले.

त्या सोळा सेंटिमीटरने मला बनवलं. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजत नाहीत, कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एका गोलातून आडवी रेघ गेलेली खूण असते, मोजपट्टी तिथे लावायची. त्या सोळांतून कॅमेऱ्याची जाडी वजा करा, लेन्सची लांबी वजा करा, जवळच्या फोकसला लेन्स आणखी बाहेर येते तेही वजा करा. पूर्ण एकास एक करताना काच आणि किडा यांच्यात जेमतेम चार सेंटिमीटर उरतात. मायक्रोस्कोपमध्ये याला वर्किंग डिस्टन्स म्हणतात. मायक्रोस्कोपच्या चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली साधारण अर्धा मिलिमीटर जागा असते, हे मी नवशिक्या पोरांना घसा कोरडा होईपर्यंत सांगते, कारण ती फोकस करता करता स्लाइड फोडतात. आणि स्वतः लेन्स घ्यायला गेले तेव्हा हा प्रश्न विचारायचं मलाच सुचलं नाही.

चार सेंटिमीटरवर काय होतं? एक तर लेन्सची सावली किड्यावर पडते. कॅमेऱ्याचा वरचा छोटा फ्लॅश उघडला, तरी लेन्सच त्याच्या आड येते आणि फोटोच्या खालच्या भागात काळी चंद्रकोर उमटते. दुसरं म्हणजे, किड्यालाही आपण दिसतो. मोठा झालेला सुरवंट आता हिरवागार, बोटभर लांबीचा आणि देखणा होता. मी जवळ गेले, लेन्सची कड पानाला लागली, आणि त्याच्या डोक्यामागून तांबडी, ओलसर, दोन टोकांची शिंगं भसकन बाहेर आली. सोबत आंबूस उग्र वास. हा अवयव एरवी आत घडी घालून ठेवलेला असतो, मुंग्या-पक्ष्यांना पळवायला बाहेर येतो. मला पहिल्यांदा फार आनंद झाला, काय सुरेख फोटो! तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात आलं की माझ्या प्रत्येक फोटोत हा प्राणी घाबरलेलाच आहे. तो शांतपणे पान खाताना कसा दिसतो, हे या लेन्समधून मला कधी दिसणारच नव्हतं.

चाळीसला उगाच नावं ठेवत नाही. ती आता माझ्या भाचीकडे आहे, नणंदेच्या मुलीकडे. ती खोट्या दागिन्यांचा छोटा व्यवसाय करते. टेबलावर ठेवलेली कुडी किंवा नथ काही पळून जात नाही, घाबरतही नाही, तिथे या लेन्सला तोड नाही. वजनाला हलकी, तीक्ष्ण, आणि टेबलाजवळ बसूनच काम होतं. बाय द वे, निकॉन आपल्या या लेन्सना मॅक्रो म्हणत नाही, मायक्रो म्हणतं. १९५६ साली त्यांची पहिली मायक्रो लेन्स आली ती कागदपत्रांचे मायक्रोफिल्मवर फोटो घेण्यासाठी. जपानी लिपीतली बारीक अक्षरं फिल्मवर ठसठशीत उतरायला हवी होती. म्हणजे या जातीचा मूळ धंदाच सपाट, निर्जीव, निमूट पडून राहणाऱ्या वस्तूंचा. माझा सुरवंट त्यांच्या हिशेबात नव्हता.

मग मी एका कागदावर लेन्सचे आकडे मांडले आणि या वेळी प्रत्येकीसमोर एकच गोष्ट शोधली: काचेपासून किडा किती लांब राहतो. फोकल लेंग्थ वाढली की हे अंतर वाढतं, इतकं गणित सोपं आहे. साठवाली चाळीसपेक्षा बरी, पण माझं समाधान होईना. दीडशे आणि एकशेऐंशीच्या लेन्सनी मधमाशीही बिनधास्त टिपता येते, पण त्यांचं वजन आणि किंमत बघून मी कागद उलटा केला. मधली जागा नव्वद ते एकशेपाचची. १०५ मध्ये हात हलला तरी सावरणारी सोय आहे. मात्र एकास एकला पोचल्यावर ती फारशी कामाला येत नाही, कारण तिथे हात वरखाली होण्यापेक्षा आपण पुढेमागे डुलतो ही अडचण मोठी, आणि ते डुलणं कुठलीच लेन्स थांबवत नाही. नसलेल्या उपयोगाचे दुप्पट पैसे कशाला?

राहिली टॅमरॉनची नव्वद. या लेन्सचं घराणं जुनं आहे. पहिली १९७९ साली आली, एफ/२.५ ची (एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं भोक मोठं), ती निम्म्या आकारापर्यंतच जायची आणि माणसांच्या चेहऱ्यांसाठी तिचं फार नाव झालं. १९९६ मध्ये एफ/२.८ करून तिला एकास एकपर्यंत नेली, आणि २००४ ची डीआय आवृत्ती म्हणजे जुन्या बाजारात आजही सर्रास दिसते ती. किडा आणि माणूस दोन्ही एका लेन्समध्ये, हे मला पटलं. घरात सासूबाईंचा एकही धड फोटो नव्हता, जो होता तो आधार कार्डावरचा, आणि तो बघून त्या स्वतःच म्हणायच्या, "ही बाई कोण?"

एका शनिवारी सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात गेले. फोर्टातल्या या गल्लीत कॅमेऱ्याची दुकानं ओळीने आहेत. नशिबाने कॅमेरा सोबत नेला होता. पहिल्या दुकानात नव्वदची लेन्स होती, चकाचक, किंमतही बरी. "ऑटोफोकस चालतं ना?" "एकदम मक्खन." मी ती माझ्या कॅमेऱ्याला लावली, बटण दाबलं, काहीच हलेना. प्रकार असा की या लेन्सच्या जुन्या निकॉन आवृत्तीत स्वतःची मोटर नाही. कॅमेऱ्याच्या तोंडाशी स्क्रू ड्रायव्हरसारखं एक टोक असतं, ते फिरून लेन्सला फोकस करवतं, आणि माझ्या डी ५३०० ला ते टोकच नाही. नंतरच्या आवृत्तीत मोटर लेन्सच्या आत आली. दोन्ही बाहेरून जुळ्या बहिणी. मागे उलटून धातूच्या कडीवर स्क्रूची खाच आहे का ते बघायचं, एवढाच फरक. दुकानदार म्हणाला, "मॅक्रोला कोण ऑटोफोकस वापरतं, मॅडम?" बोलणं निम्मं खरं होतं, पण अर्ध्या मिनिटापूर्वी तेच मक्खन होतं.

दुसऱ्या ठिकाणची लेन्स मोटरवाली. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने आत बघितलं. धुळीचे चार कण असतातच, त्यांचं काही नाही. पण एका कडेला पांढरट, फांद्या फुटलेली अगदी बारीक जाळी दिसली. दुकानातला मुलगा म्हणाला, "डस्ट आहे, साफ होईल." आता बुरशीचे तंतू कसे दिसतात हे मला सांगायची गरज नाही, लोकांच्या नखाची-त्वचेची खरवड स्लाइडवर घेऊन तेच तर मी शोधत असते. धूळ फांद्या फोडत नाही. मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सचं हे ठरलेलं दुखणं. मी हात जोडले आणि निघाले.

तिसरी लेन्स शेवटी दुकानात मिळालीच नाही. लग्नाचे फोटो काढणं सोडलेल्या एका गृहस्थांकडून, त्यांच्या घरी चहा पिऊन, पंधरा हजारांना घेतली. त्यांनी ती तांदळाच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या निळ्या खड्यांवर ठेवली होती. मीही तेच करते. खडे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. कढई वेगळी, जेवणाची नाही, हे घरात एकदा मोठ्याने सांगावं लागलं.

नव्वदवर एकास एक करताना काचेसमोर नऊ-दहा सेंटिमीटर राहतात. ऐकायला थोडेच वाटतात. पण पहिल्याच दिवशी सुरवंटासमोर गेले, आणि तो पान खात राहिला. पानाच्या कडेवर डोकं वरून खाली, वरून खाली, शिवणयंत्राच्या सुईसारखं. एका फेरीत अर्धगोल कातरला जातो, मग डोकं परत वर. त्याचे पुढचे तीन जोड पाय पान दोन्ही बाजूंनी असे धरून ठेवतात, जसं आपण मक्याचं कणीस धरतो. डोळ्यांसारखी दिसणारी दोन मोठी वर्तुळं त्याच्या खांद्यावर आहेत ती खोटी. खरे डोळे म्हणजे खाली तोंडाजवळचे काळे ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे. शिंगं एकदाही निघाली नाहीत. मी पाठ दुखेपर्यंत बघत बसले आणि फोटो काढायचा राहिलाच.

काढले तेव्हा रडायची वेळ आली. पहिल्या महिन्यात बाराशे फोटो, ठेवण्यासारखे अकरा. अडचण फोकसच्या खोलीची. एकास एकला एफ/८ वर स्पष्ट दिसणारा थर माझ्या कॅमेऱ्यावर साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचा असतो. एफ/११ वर पाऊण-एक मिलिमीटर. आपण श्वास सोडला की शरीर त्याच्या कितीतरी पट पुढे येतं. आणि एफचा आकडा वाढवत बावीसपर्यंत नेला तर थर जाड होतो, पण सगळा फोटोच साय धरल्यासारखा मऊ पडतो. शिवाय इतक्या जवळून काम करताना लेन्स बाहेर सरकलेली असते, प्रकाश जास्त अंतरावर पसरतो, आणि २.८ ची लेन्स एकास एकला ५.६ सारखी वागते. चाळीसच्या वेळी जवळ गेल्यावर कॅमेऱ्यावरचा आकडा आपोआप वर सरकताना बघून मला लेन्स बिघडली असं वाटलं होतं. बिघडली नव्हती, कॅमेरा प्रामाणिकपणे खरा आकडा सांगत होता.

वळण कुठे लागलं ते सांगते. मी फोकसची रिंग फिरवायचं सोडलं. लेन्स एका जागी लॉक करायची, ऑटोफोकस बंद, आणि मग आपण स्वतः मिलिमीटर-मिलिमीटर पुढे झुकायचं. डोळा चमकला की बटण, झुकता झुकता चार-पाच फोटो. दोन्ही कोपर पोटाशी घट्ट. श्वास अर्धा सोडून थांबायचं. मायक्रोस्कोपवरही तसंच तर करतो, स्लाइडचा चौथरा वरखाली करतो. दहा वर्षं जे हात रोज करत होते, ते कॅमेरा हातात आल्यावर विसरले होते.

दुसरी गोष्ट, किड्याला कॅमेऱ्याशी समांतर धरायचं. चतुर (ड्रॅगनफ्लाय) बाजूने टिपला तर डोक्यापासून शेपटीपर्यंत त्या पातळ थरात सापडतो. तिरका झाला की डोळा येतो आणि बाकी धूर. हवा थांबवण्यासाठी कपडे वाळत घालायचे चिमटे: एक काठीला, एक फांदीला, मध्ये तारेचा तुकडा. बाल्कनीत हवा नसेल तर आतला पंखा तरी चालू असतोच, सासूबाई घामाघूम होत म्हणायच्या, "तुझा किडा बाळंत झाला की पंखा लाव हो."

प्रकाशासाठी साधा बाहेरचा फ्लॅश घेतला आणि मिठाईच्या खोक्याचा डिफ्यूजर केला. खोक्याला आतून स्वयंपाकाची चांदीसारखी फॉइल, तोंडावर बटर पेपर, फ्लॅश मागून खुपसलेला, आणि खोकं लेन्सच्या टोकाच्या वरती पुढे झुकवून बांधलेलं. झगझगीत ठिपक्याऐवजी दुधाळ प्रकाश पडतो. शटर १/२०० सेकंदावर, एफ/११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दोनशे; फ्लॅशचा झोत इतका क्षणिक की हात थोडा हलला तरी फोटो हलत नाही. जवळपास सगळे चांगले फोटो या खोक्याचे आहेत. खोक्यावर दुकानाचं नाव आणि काजू कतलीचं चित्र अजून आहे.

अंड्याने मात्र हरवलं. एक मिलिमीटरचं अंडं एकास एकला सेन्सरवर एकच मिलिमीटर येतं, म्हणजे सहा हजार पिक्सेलच्या रुंदीत आडवे अडीचशे. फोटो उघडला तर हिरव्या मैदानात पिवळी लिमलेटची गोळी. त्यासाठी मॅक्रो लेन्सच्याही पुढे जावं लागतं, एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायची पोकळ नळी) किंवा पुढे लावायचं जोडभिंग. मी लॅबमधल्या जुन्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ते पान नेऊन बघितलं आणि समाधान मानलं.

ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर पहाटे ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जायला लागले. सकाळी गवतावर दव असतं, किडे गारठलेले, उन्हाची वाट बघत. टाचण्या (चतुरासारखेच पण नाजूक, काडीसारखे किडे) गवताच्या काडीला समांतर चिकटून बसतात, पंखांवर दवाचे थेंब. आठ वाजेपर्यंतच हे दुकान उघडं. ऊन चढलं की सगळे उडाले. किड्यांना फ्रिजमध्ये ठेवून गार करून फोटो काढणारे लोक मला भेटलेत, वर तंत्र म्हणून सांगतात. पहाटे पाचला उठण्याचा आळस, त्याला तंत्र काय म्हणायचं!

आता माणसं. इथे मी जरा शेफारले होते. किड्याचा डोळा टिपता येतो, मग माणसाचा काय मोठा. भाचीची हळद होती, मी नव्वद लावून तिच्या समोर. फोटो एवढे तीक्ष्ण आले की हळदीचा कण न् कण, गालावरची लव, नाकाशेजारची छिद्रं, कालच दाबलेली पुटकुळी, सगळं हजर. भाचीने फोनवर बघितलं आणि म्हणाली, "मामी, हे तुझ्या लॅबमध्ये लाव." दोन दिवस बोलली नाही. मॅक्रो लेन्सला काही लपवता येत नाही. लपवायचं काम प्रकाशाने करायचं असतं आणि मी तिला भर दुपारच्या उन्हात बाजूने धरली होती. बाजूचा कडक प्रकाश प्रत्येक खड्ड्याची सावली पाडतो. लग्नाच्या आदल्या दिवशी पुन्हा काढले, खिडकीशी. खिडकीवर सासऱ्यांचं जुनं पांढरं धोतर टाचून. तेच गाल, तीच लेन्स. त्यातला एक तिच्या दिवाणखान्यात लावलाय.

ज्यांना फक्त माणसांचेच फोटो काढायचेत त्यांनी मॅक्रो घेऊ नये, ८५ ची एफ/१.८ घ्यावी, हे माझं स्पष्ट मत. मागचं आणखी छान विरघळतं आणि फोकस चटकन लागतो. नव्वदचा ऑटोफोकस थोड्या अंधारात चाचपडतो: पार जवळच्या टोकाला जातो, तिथून परत लांबच्या टोकाला, तेही घरघर करत. लेन्सवर एक बटण आहे, त्याने जवळचा पल्ला बंद करता येतो, मग निदान अर्धीच वाट चालतो. लहान मुलं तेवढ्यात खोलीबाहेर गेलेली असतात. सासूबाईंना समोर बसवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझा मिक्सर थांबला की सांग, मग हसते."

त्यांचे फोटो मी चाळीसनेही काढून बघितले होते. चेहरा फोटोभर यावा म्हणून अगदी जवळ गेले आणि नाकच नाक आलं. दोष लेन्सचा नसतो, आपण किती जवळ उभे राहतो त्याचा असतो. वीतभर अंतरावरून बघितलं तर डोळ्यालाही नाक मोठंच दिसेल. नव्वद लावल्यावर तोच चेहरा टिपायला सव्वा-दीड मीटर मागे जावं लागतं आणि नाक आपल्या मापात येतं. कमरेपर्यंत हवं असेल तर तीन मीटर. आमच्या हॉलमध्ये तीन मीटर म्हणजे मी स्वयंपाकघराच्या दारात, पाठ चौकटीला. दीड मीटरवर एफ/२.८ ला स्पष्ट थर तीनच सेंटिमीटरचा. कॅमेऱ्याने चष्म्याची काडी पकडली की डोळे गेले. सासूबाईंचे पहिले वीस फोटो म्हणजे चष्म्याच्या फ्रेमची जाहिरात. एफ/५.६ केलं तेव्हा जमलं.

पण त्यांना कॅमेरा समोर दिसला की त्या आधार कार्ड होतात. ताठ मान, मिटलेले ओठ. "अहो आई, जरा सैल बसा." आणखी ताठ. तो दाखवलेला पहिला बरा फोटो बघून म्हणाल्या, "तोंडावर नकाशा काढलायस का?" मी नाद सोडला.

कार्तिकात त्या खिडकीत बसून फुलवाती करत होत्या. मांडीवर कापसाचं पेळू, बाजूला वाटीत थोडं दूध. कापसाची चिमूट घेऊन बोटांनी विंचरल्यासारखी पसरायची, कडा आत घ्यायच्या, मधोमध चिमटीत धरून दुधाच्या बोटाने टोक पिळायचं. खाली बसकी गोल बूड, वर उभं टोक. हे त्या बघतसुद्धा नाहीत, टीव्ही बघत करतात. मी नव्वद घेऊन बाजूला जमिनीवर बसले, हातभर अंतरावर. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, हातांकडे कॅमेरा आहे म्हटल्यावर पुन्हा मालिकेत गेल्या.

व्ह्यूफाइंडरमधून अंगठ्याचं टोक दिसत होतं. ठशाच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या, मध्ये एक सुरीची जुनी आडवी खूण, त्यात हळदीचा पिवळा रंग मुरलेला. दुधाचा थेंब नखाच्या कडेला लोंबत होता. कापसाचे तंतू खिडकीच्या उजेडात वेगवेगळे उभे, आणि बोटं फिरली की ते एकाच दिशेने वळत जायचे. मी फोकस लॉक केला आणि पुढे झुकत, थांबत राहिले. हातांच्या मागे, धूसर, चेहरा होता. मालिकेत काहीतरी विनोदी झालं असावं, त्या हसल्या. वात चिमटीत, हसू मागे विरघळलेलं.

रात्री लॅपटॉपवर तो फोटो मोठा करून त्यांना दाखवला. चष्मा कपाळावर चढवून त्या अगदी पडद्याला नाक लावून बघायला लागल्या. मला वाटलं आता हातांबद्दल काहीतरी म्हणतील, किंवा हसण्याबद्दल. बराच वेळ काही नाही. मग त्यांनी पडद्यावर वातीच्या टोकाला बोट लावलं. "हे बघ, पीळ अर्ध्यातच सुटलाय. ही पेटली की लगेच बसेल." आणि उठून डब्यातल्या वाती ताटात ओतून एकेक उचलून बघत बसल्या.